खुब्याच्या ऑपरेशननंतर आजी-आजोबांचं मन सांभाळताना
(कुरकुंभ येथे एका परिचारिकेने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मागं बसलेल्यांना ऐकू येतंय ना? नसेल तर हात वर करा, मी मोठ्यानं बोलते. आजच्या विषयात ऐकू येण्याला फार महत्त्व आहे, का ते पुढं कळेलच.

म्हातारपणी खुबा मोडतो तो बहुतेक वेळा घरातच. रात्री लघवीला उठताना, मोरीत पाय घसरून, उंबऱ्याला अडखळून. हाडं आधीच ठिसूळ झालेली असतात. मग इथून दौंड, नाहीतर सोलापूर रस्त्यानं सरळ पुणे. डॉक्टर खुब्याचा गोळा बदलतात किंवा रॉड-स्क्रू घालतात. ब्रिटनमध्ये 2011 साली याबद्दलच्या सूचना निघाल्या. दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करा, आणि ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उठवून चालवायला लागा, असं त्यात आहे. अडचण नसेल तर आपल्याकडचे डॉक्टरही हेच सांगतात.

आता समजा, शेजारशेजारच्या खाटांवर दोन आजी आहेत. ऑपरेशन एकच, एक्स-रे दोघींचे छान. एक दीड महिन्यात वॉकर घेऊन अंगणात येते, दुसरी खाट सोडत नाही. आधीची तब्येत, इतर आजार, खाणंपिणं यानं फरक पडतोच. पण आणखी तीन गोष्टी असतात: डोक्यातला गोंधळ, पडायची भीती आणि मनानं खचणं. या एक्स-रेमध्ये दिसत नाहीत, आणि घरात त्यांना भलतीच नावं मिळतात. गोंधळाला वेड म्हणतात, भीतीला हट्ट म्हणतात, आणि खचलेल्या माणसाला म्हणतात, "किती शांत आहेत बाबा, काही त्रास नाही त्यांचा."

गोंधळाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घरचे सगळ्यात जास्त घाबरतात ते यालाच. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आजोबा अचानक म्हणतात, "बैल सुटलेत, बांधा." सलाईन ओढतात, मुलाला ओळखत नाहीत. सकाळी बरे, संध्याकाळी पुन्हा तेच. जुनी माणसं म्हणतात वात झाला. कुणी बाहेरचं काही लागलं म्हणून उतारा टाकायला निघतं. डॉक्टरांच्या भाषेत हे डिलिरियम. हे वेड नव्हे. शरीरात काहीतरी बिघडल्याची ती खूण असते. दुखणं आवरलेलं नसतं, पाणी कमी पडलेलं असतं, लघवी तुंबलेली असते, चार दिवस शौचाला झालेलं नसतं, जंतुसंसर्ग असतो, रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं, किंवा एखादं औषध मानवलेलं नसतं. झोपेच्या आणि सर्दी-खाजेच्या काही गोळ्यासुद्धा हे करतात. म्हणून नर्सनं आधी हे सगळं तपासायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. हातपाय बांधून ठेवले तर माणूस आणखी बिथरतो.

दुसरा प्रकार जास्त फसवा. यात रुग्ण ओरडत नाही, नुसता पडून राहतो, अर्धवट झोपेत, विचारलं तर हूं म्हणतो. वॉर्डात हा सगळ्यांना आवडणारा रुग्ण, म्हणूनच तो सुटून जातो. लक्ष टिकतंय का बघायची एक साधी युक्ती आहे, वार उलटे म्हणायला सांगायचे: रविवार, शनिवार, शुक्रवार... शाळेत न गेलेल्या आजीलाही वार येतातच, बाजार कुठल्या वारी हे तिला आपल्यापेक्षा पक्कं ठाऊक असतं. काल जे जमत होतं ते आज मध्येच तुटायला लागलं, तर लगेच डॉक्टरांना सांगायचं.

यातला बराच भाग टाळता येतो. बोस्टनमध्ये खुबा मोडलेल्या 65 वर्षांपुढच्या 126 रुग्णांवर एक अभ्यास झाला, 2001 साली छापून आला. निम्म्या रुग्णांना नेहमीची सेवा, निम्म्यांसाठी वृद्धांच्या डॉक्टरांचा रोजचा सल्ला: दुखणं, पाणी, औषधं, झोप, चष्मा सगळं बघायचं. पहिल्या गटात 50 टक्क्यांना असा गोंधळ झाला, दुसऱ्यात 32 टक्क्यांना. म्हणून दवाखान्यात जाताना फाइलबरोबर चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी न्या. आपण नेमक्या या वस्तू "हरवतील" म्हणून घरी कपाटात ठेवतो! ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याला अनोळखी खोलीत रात्री भास होणारच. दिवसा खिडकी उघडी, रात्री मंद दिवा, आणि दर वेळी नाव घेऊन सांगायचं: "आजी, तुम्ही दवाखान्यात आहात, पाय मोडला होता, ऑपरेशन नीट झालंय, आज मंगळवार." बैल सुटले म्हणाले तर वाद घालू नका आणि हो-हो पण करू नका. "तुम्हाला काळजी वाटतेय, मी इथंच आहे," एवढं पुरतं.

भीतीचं वेगळं आहे. जो एकदा पडलाय त्याला जमीन परकी वाटते. अशा माणसाला "काही होत नाही, उठा" म्हणणं मला मुळीच पटत नाही. झालंय म्हणून तर तो इथं आहे. त्यापेक्षा दुखण्याची गोळी चालायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायची, आणि काय करणार ते आधी सांगायचं: आता फक्त काठावर बसायचं, मी डावीकडे उभी आहे, चक्कर आली तर लगेच परत निजवते. हात धरून ओढायचं नाही. आज खाटेपासून खुर्ची, उद्या दार. घरी आल्यावर उलट होतं. मुलगा एमआयडीसीत शिफ्टला, सून कामात, म्हणून प्रेमानंच सांगितलं जातं, "आम्ही येईस्तोवर उठू नका." आठ तास पडून माणसाचे पाय आणि धीर दोन्ही जातात. शिफ्टच्या आधी एक आणि नंतर एक फेरी ठरवून घ्या, मधल्या वेळी शेजारचं कुणी.

आणि भेटायला येणारे! "आमच्या मामांचं असंच झालं, सहा महिन्यांत गेले," हे ऐकवायला लोक केळी घेऊन येतात. त्यांना दारातच चहा पाजा.

खचण्याचं मूळ पुष्कळदा लाजेत असतं. सासऱ्यांना सुनेसमोर भांडं घ्यावं लागतं, म्हणून ते पाणीच पीत नाहीत. पाणी नाही म्हणून पुन्हा गोंधळ. पडदा, कमोडची खुर्ची, शक्य असेल तिथं मुलानं हे काम करणं, यानं खूप फरक पडतो. "देवानं आता न्यावं" असं कुणी वारंवार म्हणत असेल, जेवण सोडलं असेल, तर थट्टेवारी नेऊ नका. सरळ विचारा, "जगणं नकोसं वाटतं का? जिवाचं काही करावंसं वाटतं का?" विचारल्यानं तसलं काही मनात भरत नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका आणि डॉक्टरांना गाठा. टेलीमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

खोटा धीरही देऊ नका. खुबा मोडल्यावर पूर्वीसारखं चालणं सगळ्यांना परत मिळत नाही. जे परत येतं त्यालाही महिने लागतात. वारकरी आजोबा विचारतात, "वारी होईल का?" यंदा पायी नाही, हे सांगावं. पण तुकोबांची पालखी वरवंडहून पाटसमार्गे रोटी घाट चढते, तिथं गाडीनं जाऊन खुर्चीवर बसून दर्शन घेता येईल, हेही सांगावं. फिरंगाईच्या देवळात जायचं असेल तर आधी ओटा, मग गल्लीचं टोक. स्वतःचं ठिकाण ठरलं की व्यायामाला नुसत्या व्यायामापेक्षा जास्त अर्थ येतो.

प्रश्न (श्रोत्यांमधून): ताई, आई रात्रभर हाका मारते, आम्हीही जागेच. मेडिकलमधून झोपेची गोळी आणून दिली तर चालेल का?

नाही दादा, स्वतःच्या मनानं नको. त्या गोळीनं गोंधळ वाढू शकतो आणि उठताना पुन्हा पडायची भीती. आधी बघा, दुखतंय का, लघवी झाली का, पोट साफ आहे का, दिवसा किती झोपते. हाका हल्ली अचानक सुरू झाल्या असतील तर उद्या सकाळीच डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. आणि रात्रीची पाळी लावून घ्या, एकट्या वहिनींवर नको.