कोकणातून परतीचा चढ

कोल्हापूरहून सायकलने कोकणात उतरायच्या ठळक वाटा चार: रत्नागिरीकडे आंबा, वैभववाडीकडे गगनबावड्याचा करूळ, राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा आणि सावंतवाडीकडे आंबोली.

खरा कस परतीला लागतो.

चढ : 10 किलोमीटरमध्ये 600 मीटर चढायचे म्हणजे सरासरी 6 टक्के.

ऊर्जा : स्वार, सायकल, सामान मिळून 90 किलो धरले, तर तेवढे वर न्यायला सुमारे 530 किलोज्यूल लागतात. स्नायू ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्साच कामी लावतात. म्हणून शरीराच्या साधारण 500 किलोकॅलरी खर्ची पडतात.

गिअर : पुढे-मागे सारख्याच दातांची चकती असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा, म्हणजे सुमारे 2.1 मीटर.

पाऊस : ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो, उतारावर वेग आधीच आवरावा.