चित्रपटसंगीतांतील नांवें व कर्ते : नागपूर-वऱ्हाडांतील तीन उदाहरणें

नागपूर व वऱ्हाड या प्रदेशांच्या संगीताचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास एक अडचण प्रारंभींच येते. या प्रदेशांत जन्मलेले किंवा येथें शिकलेले अनेक गुणी पुरुष लौकिकास चढले ते मुंबई, पुणें वा कोल्हापूर येथें. आणि त्यांच्या कार्याचा लेखी पुरावा मागें राहिला तो बहुतेक तिकडचाच. एखाद्या सरदार घराण्याचा इतिहास लिहावयाचा झाला तर दफ्तरें, सनदा व शकावल्या कशा पारखाव्या याचे नियम पूर्वसूरींनीं घालून दिले आहेत. बोलपटांतील संगीत ही वस्तु मात्र उण्यापुऱ्या ९०-९५ वर्षांची. तिचीं साधनें निराळीं, आणि तीं पारखण्याची रीतहि अद्याप नीट बसलेली नाहीं. अमुक गाण्याला चाल कोणीं दिली व तें गाइलें कोणीं, हा प्रश्न दिसावयास अगदीं साधा. परंतु त्याचें उत्तर पुष्कळदां सरळ मिळत नाहीं. तें कां मिळत नाहीं, तें मिळवावें कसें, व तें मिळविण्यांत कोणाचें काय हित गुंतलें आहे, हें तीन उदाहरणांवरून दाखवावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम साधनांविषयीं. भारतांतील पहिला बोलपट ‘आलम आरा’ हा १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईंत प्रदर्शित झाला, आणि मराठीतील पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ सालीं आला. तेव्हांपासूनच्या गीतांविषयींचा पुरावा मुख्यतः चार ठिकाणीं सांपडतो. पहिलें साधन खुद्द चित्रपट व त्याच्या आरंभीं दाखविली जाणारी नामावली. दुसरें, चित्रपटगृहाच्या दारांत विकल्या जाणाऱ्या गीतपुस्तिका, ज्यांत कथासार, गीतांचे शब्द व कलावंतांचीं नांवें छापलेलीं असत. तिसरें, मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या ध्वनिमुद्रिका. आणि चौथें, कलावंतांनीं मागाहून लिहिलेलीं आत्मचरित्रें व आठवणी.

यांपैकीं एकहि साधन एकट्यानें पुरेसें नाहीं. जुन्या चित्रपटांच्या फिती ज्वालाग्राही द्रव्याच्या असून कालांतरानें आपोआप कुजत. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें, तोंवर पुष्कळशा चित्रपटांच्या फिती नाहींशा होऊन गेल्या होत्या. गीतपुस्तिका चित्रपट लागण्यापूर्वीं छापल्या जात. त्यानंतर एखादें गीत गाळलें गेलें तर पुस्तिकेंत तें तसेंच राही. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस सुमारें तीन-सव्वातीन मिनिटांचें गाणें मावे, आणि मधल्या कागदी चकतीवर जागा थोडी. तीवर चित्रपटाचें नांव व गाण्याचे आरंभींचे शब्द येत, पण गायकाचें नांव येईलच असा नेम नव्हता. ‘महल’ (१९४९) या चित्रपटाच्या ज्या गीतानें लता मंगेशकर यांचें नांव देशभर झालें, त्याच्या तबकडीवर प्रथम ‘कामिनी’ असें छापलें होतें, आणि ‘कामिनी’ हें त्या चित्रपटांतील पात्राचें नांव! आठवणींविषयीं तर सांगावयासच नको. चाळीस वर्षांनंतर लिहिणाऱ्याची प्रामाणिकता कितीहि असली तरी सालें मागेंपुढें होतात.

आतां पहिलें उदाहरण घेऊं. केशवराव भोळे यांचा जन्म १८९६ सालीं अमरावतीस झाला, व १९६७ सालीं ते निवर्तले. वैद्यकाच्या शिक्षणासाठीं ते मुंबईस गेले आणि संगीतांत रमले. १९३३ सालीं ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक रंगभूमीवर आणलें, त्याचें संगीत त्यांचें होतें. पुढें ते पुण्याच्या प्रभात कंपनींत गेले. ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७), ‘माझा मुलगा’ (१९३८) व ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) या चित्रपटांचें संगीत त्यांच्या हातचें आहे. ‘कुंकू’मध्यें प्रसंगाला उठाव देण्यासाठीं पार्श्वसंगीत योजलेलें नाहीं, घरांत व रस्त्यांत स्वाभाविकपणें ऐकूं येणाऱ्या ध्वनींवरच काम भागविलें आहे. संगीत कोठें नसावें हें ठरविणें हेंहि संगीताचेंच काम होय, असें तेथें दिसून येतें.

याच केशवरावांनीं ‘एकलव्य’ व ‘शुद्ध सारंग’ या टोपणनांवांनीं संगीतावर पुष्कळ चिकित्सक लेखन केलें. चित्रपटांच्या नामावलींत एक नांव आणि नियतकालिकांत दुसरीं दोन. ज्यास हें ठाऊक नाहीं तो एका पुरुषाच्या कार्याचे तीन तुकडे करून तीन ठिकाणीं मांडील, आणि जो टीकाकार होता तोच रचनाकारहि होता ही महत्त्वाची गोष्ट त्याच्या दृष्टीआड होईल.

‘संत तुकारामा’च्या बाबतींत उलट प्रकार घडला आहे. त्या चित्रपटांतील बीज व वृक्ष यांच्या दृष्टांतावर उभारलेला अभंग शांताराम आठवले यांनीं चित्रपटाकरितां रचला. त्याची भाषा व घडण इतकी जमून आली, आणि चाल लोकांच्या तोंडीं इतकी बसली, कीं तो तुकोबांचाच अभंग अशी अनेकांची समजूत झाली. येथें एका कर्त्याचें नांव दुसऱ्या, अधिक थोर, नांवांत विरून गेलें. गाथेच्या पाठचिकित्सेंत जी सावधगिरी आपण बाळगतों तीच चित्रपटगीतांस लावली पाहिजे, हें या एका उदाहरणावरून पटावें.

दुसरें उदाहरण रामचंद्र नरहर चितळकर यांचें. त्यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजीं नगर जिल्ह्यांतील पुणतांबें येथें झाला. पुण्यास विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे व नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचें संगीताचें शिक्षण झालें. पटवर्धनबुवा हे विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिष्य. अर्थात् चितळकरांचा पाया शिस्तशीर रागसंगीताचा होता. त्या काळीं नागपूर हें मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या राजधानीचें शहर असलें तरी चित्रपटनिर्मितीचे कारखाने मुंबई, पुणें व कोल्हापूर येथेंच होते. त्यामुळें येथें शिकलेल्यास या धंद्यांत शिरावयाचें तर बाहेर पडणें प्राप्तच होतें. चितळकरांनीं ‘नागानंद’ या चित्रपटांत नायकाची भूमिका केली, मिनर्व्हा कंपनींत लहान कामें केलीं, आणि संगीतरचनेस प्रारंभ केला तो तामिळ चित्रपटांपासून. ‘जयकोडी’ व ‘वनमोहिनी’ हे त्यांचे आरंभींचे चित्रपट होत.

येथून नांवांचा गुंता सुरू होतो. मास्टर भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ (१९४२) या चित्रपटास संगीत दिलें तें ‘राम चितळकर’ या नांवानें. ‘ये है दुनिया’मध्यें ते ‘श्यामू’ झाले. ‘बहादुर प्रताप’मध्यें ‘अण्णासाहेब’. आणि ज्या नांवानें ते सर्वश्रुत आहेत तें ‘सी. रामचंद्र’. गायक म्हणून मात्र त्यांनीं केवळ ‘चितळकर’ हें आडनांव ठेवलें. ‘पतंगा’ (१९४९) या चित्रपटांत शमशाद बेगम यांच्याबरोबर गाणारे चितळकर व त्याच गीताची चाल बांधणारे सी. रामचंद्र एकच, ही गोष्ट सामान्य श्रोत्यास कोणी सांगितल्यावांचून कळावी कशी? ‘शहनाई’ (१९४७) व ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांतील पाश्चात्त्य तालांचा खेळकर उपयोग करणारा आणि ‘अनारकली’ (१९५३) या चित्रपटांत करुण रसाच्या संथ चाली बांधणारा रचनाकार एकच आहे, हें जाणल्यावरच त्याच्या बुद्धीचा आवांका ध्यानांत येतो. २७ जानेवारी १९६३ रोजीं दिल्ली येथें पंडित जवाहरलाल नेहरू यांच्यासमक्ष लता मंगेशकर यांनीं कवि प्रदीप यांचें हुतात्म्यांवरील जें गीत गाइलें, त्याची चालहि सी. रामचंद्र यांचीच. त्यांचें आत्मचरित्र ‘माझ्या जीवनाची सरगम’ १९७७ सालीं प्रसिद्ध झालें, आणि ५ जानेवारी १९८२ रोजीं त्यांचें निधन झालें.

तिसरें उदाहरण वसंतराव देशपांडे यांचें. जन्म २ मे १९२० रोजीं अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूर येथें. बालपण व प्रारंभींचें शिक्षण नागपुरास, आणि गुरु तेच शंकरराव सप्रे. पुढें लाहोरास असदअली खां यांच्याकडे, तसेंच सुरेशबाबू माने, अमानअली खां आदि गुणीजनांकडे ते शिकले. भालजी पेंढारकर यांनीं ‘कालिया मर्दन’ (१९३५) या बोलपटांत त्यांस कृष्णाची भूमिका दिली. कांहीं चरित्रलेखांत ही निवड त्यांच्या आठव्या वर्षीं झाली असें छापलें आहे. परंतु जन्म १९२० चा व चित्रपट १९३५ चा, हे दोन्ही आंकडे खरे धरल्यास त्या वेळीं त्यांचें वय १४-१५ वर्षांचें ठरतें. मुलाच्या अल्पवयाचें कौतुक करण्याच्या भरांत वर्षें कमी होत जातात, हा चरित्रवाङ्मयांतील जुनाच दोष आहे. साधी वजाबाकी केली असतां तो उघडा पडतो.

वसंतरावांनीं पुढें पुण्यास लष्करी हिशेबखात्यांत दीर्घकाळ नोकरी केली. १९६७ सालीं ‘कट्यार काळजांत घुसली’ या नाटकांतील खांसाहेबांच्या भूमिकेनें त्यांची कीर्ति शिखरास पोंचली. त्या नाटकाचे कर्ते पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरचे, व संगीत जितेंद्र अभिषेकी यांचें. म्हणजे नागपुरांत शिकलेल्या गायकास नागपूरच्याच नाटककारानें अजरामर भूमिका दिली. ‘अष्टविनायक’ (१९७९) या चित्रपटांत त्यांनीं भूमिका केली व गाइलेंहि. ३० जुलै १९८३ रोजीं त्यांचें निधन झालें. येथें अडचण नांवांच्या बाहुल्याची नाहीं, भूमिकेच्या तेजाची आहे. नाटकाच्या यशानें त्यांचें चित्रपटांतील काम झांकून टाकलें. २०१५ सालीं त्याच नाटकावर चित्रपट निघाला, आणि २०२२ सालीं त्यांच्या जीवनावरील ‘मी वसंतराव’ हा चित्रपट आला, ज्यांत त्यांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनींच केली. यापुढील पिढीस मूळ आवाज व नंतरचा आवाज यांत गल्लत होण्याचा संभव आहे. यास्तव आतांच दोहोंच्या नोंदी वेगळ्या ठेवणें इष्ट.

एवढी चिकित्सा कशासाठीं, असें कोणी विचारील. तीत केवळ जिज्ञासा नाहीं. हक्काचाहि प्रश्न आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणें संगीतरचनेचा अधिकार कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें टिकतो (१९९२ पूर्वीं ही मुदत ५० वर्षांची होती). परंतु रचना टोपणनांवानें प्रसिद्ध झाली असून कर्ता कोण हें मुदतींत उघड झालें नाहीं, तर ६० वर्षें प्रसिद्धीपासून मोजलीं जातात. १९४५ सालीं प्रसिद्ध झालेली चाल घ्या. कर्ता अज्ञात राहिला तर तिचा अधिकार २००५ अखेर संपला. तिचा कर्ता १९८२ सालीं वारलेला संगीतकार आहे हें वेळींच सिद्ध झालें असेल तर तो २०४२ अखेरपर्यंत चालतो. एका नांवाच्या ओळखीवर ३७ वर्षांचें अंतर पडतें! ध्वनिमुद्रिकेची मुदत मात्र प्रसिद्धीपासूनच मोजतात. म्हणून १९४५ ची तबकडी आज सर्वांना खुली, पण तींतील चाल खुली असेलच असें नाहीं.

हा अधिकार कोणाच्या पदरीं पडतो, हा प्रश्न निराळा. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, चित्रपटासाठीं मोबदला घेऊन रचना केली असतां, उलट करार नसल्यास, तिचा प्रथम स्वामी निर्माता होय. २०१२ च्या दुरुस्तीनें गीतकार व संगीतकार यांचा मानधनांतील वांटा त्यांच्यापासून हिरावतां न येणारा ठरविला. गायकाच्या हक्कास तर कायद्यांत स्थान १९९४ सालीं मिळालें. चितळकर व वसंतराव दोघेहि तोंवर कालवश झाले होते. ज्यांस हयातींत हक्क मिळाला नाहीं त्यांस निदान योग्य नांव तरी मिळावें.

यावरून संशोधकांनीं पाळावयाचे कांहीं नियम आम्ही सुचवितों. चाल, शब्द व आवाज या तिहींच्या नोंदी स्वतंत्र कराव्या. एकाच्या प्रसिद्धीवरून दुसऱ्याचा तर्क करूं नये. छापलेलें नांव जसेंच्या तसें उतरून घ्यावें, आणि तें कोणाचें हा निर्णय त्यापुढें वेगळा लिहावा, म्हणजे निर्णय चुकला तरी पुरावा शाबूत राहील. कोणत्याहि विधानास किमान दोन निरनिराळ्या जातींच्या साधनांचा आधार असावा. तीन आठवणी एकमेकींवरून उतरलेल्या असतील तर ती एकच साक्ष समजावी. कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनीं हिंदी चित्रपटगीतांचा जो कोश १९८० पासून खंडशः सिद्ध केला, तो अशाच चिकाटीचें फळ आहे. आणि शेवटीं, शिकविणाऱ्याचें नांव नोंदीबाहेर ठेवूं नये. शंकरराव सप्रे यांचें नांव कोणत्याहि चित्रपटाच्या नामावलींत शोधून उपयोग नाहीं. पण वर सांगितलेल्या तिघांपैकीं दोघांच्या गळ्यावर प्रथम संस्कार करणाऱ्यांत ते आहेत.

नागपूर-वऱ्हाडांतील जुन्या घरांच्या माळ्यांवर अद्याप तबकड्यांच्या पेट्या व गीतपुस्तिकांचे गठ्ठे असतील. ते रद्दींत घालण्यापूर्वीं त्यांवरील नांवें, क्रमांक व सालें एका वहींत उतरून ठेवावीं, अशी वाचकांस आमची विनंती आहे. हें काम कोणासहि होण्यासारखें आहे, आणि इतिहासाची सेवा त्यांत थोडी नाहीं.