इंग्रजीने नेलेली अर्धी लूट

इंग्रजी वर्तमानपत्र उघडले, की दंगल, भूकंप किंवा मोर्चाच्या बातमीत ‘लूट’ हा शब्द हमखास भेटतो. लंडन-न्यूयॉर्कच्या वाचकाला तो आपल्याच भाषेतला वाटतो. प्रत्यक्षात तो हिंदुस्थानातून गेला. 1788 साली प्रसिद्ध झालेल्या हिंदुस्थानी शब्दांच्या एका इंग्रजी संग्रहात तो आहे. 1802 साली लंडनमध्ये छापलेल्या चार्ल्स जेम्सच्या लष्करी कोशाने तो ‘हिंदुस्थानी शब्द’ म्हणूनच नोंदवला. यूल आणि बर्नेल यांचा हॉब्सन-जॉब्सन हा कोश 1886 साली आला, तोवर मात्र शब्द घरचा झाला होता. 1841चे चीनचे युद्ध, क्रिमियाचे युद्ध आणि 1857चा उठाव यांनी तो इंग्लंडभर पसरवला, असे हे कोशकार सांगतात. एवढा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो आणि चर्चा सहसा इथेच थांबते. इंग्रजांनी लुटले ते लुटले, वर लूट हा शब्दही लुटून नेला, अशी टाळीची कोटी करून वक्ता खाली बसतो. पण नेलेल्या मालाची मोजदाद केली तर दिसते, की इंग्रजीने हा शब्द पुरता नेलाच नाही. त्याची एकच बाजू नेली. दुसरी बाजू इथेच राहिली आणि तिच्यावाचून सातारा-सांगलीचा गेल्या शतकातला इतिहास नीट वाचता येत नाही.

आधी व्युत्पत्ती पाहू. काही अभ्यासक ‘लूट’चा उगम संस्कृत ‘लुण्ट्’ धातूत पाहतात, तर काही ‘लोप्त्र’ या शब्दात. चोरीच्या मालाला धर्मशास्त्रातली संज्ञा ‘लोप्त्र’ हीच आहे. दुसरे मत मानले तर गंमत अशी, की या शब्दाचे मूळ आणि इंग्रजीतल्या ‘रॉब’चे मूळ एकाच प्राचीन धातूपाशी जाऊन मिळते. म्हणजे दूरचा नातलग घरात असताना इंग्रजीने पुन्हा पाहुणा आणला. तशी ती सवय जुनीच आहे. ‘प्लंडर’ हा शब्द तिने सतराव्या शतकात जर्मनीतल्या तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात जर्मनमधून उचलला. एवढे शब्द हाताशी असताना आणखी एक कशाला हवा होता? माझ्या मते याचे कारण कायद्यात सापडते. कंपनी सरकारला आपली कमाई आणि इतरांची कमाई वेगवेगळ्या नावांनी ओळखायची होती. हॉब्सन-जॉब्सनमध्ये ‘लुटीवाला’ ही स्वतंत्र नोंद आहे. ती एतद्देशीय फौजांबरोबरच्या लुटारूंसाठी आहे. गोऱ्या पलटणीच्या वाट्याला जे येई त्याचे नाव ‘प्राइझ’. त्याला नियम होते, वाटणीचे कोष्टक होते आणि वरती राजाची मोहोर होती.

या ‘प्राइझ’चा सर्वांत गाजलेला नमुना मराठ्यांच्याच मुलखातला आहे. 10 फेब्रुवारी 1818 रोजी साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला, मे महिन्यात रायगड गेला आणि पेशवाई संपली. हाती लागलेल्या द्रव्याला ‘डेक्कन प्राइझ’ असे नाव मिळाले. गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जची फौज आणि सर टॉमस हिस्लॉपची फौज यांत त्याच्या वाट्यावरून वर्षानुवर्षे भांडण चालले. विश्वस्त म्हणून खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टनला नेमावे लागले. रायगडचे किल्लेदार नारो गोविंद आवटी यांच्याकडून पुण्यात जप्त केलेल्या रकमेचा खटला तर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. रक्कम खाजगी होती, असा वारसांच्या बाजूचा दावा होता आणि मुंबईच्या न्यायालयाने तो मान्यही केला होता. 1830 साली प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. जप्ती झाली तेव्हा युद्ध पुरते संपले नव्हते, म्हणून ही शत्रूपक्षावरची कारवाई ठरते आणि दिवाणी न्यायालयाला तिच्यात हात घालता येत नाही, असा तो निवाडा होता. पुढे 1848 साली शहाजीराजे औरस वारसाविना वारले आणि डलहौसीने साताऱ्याचे सबंध राज्यच खालसा केले. त्याला ना लूट म्हटले गेले ना प्राइझ. ‘लॅप्स’ या शब्दाने काम भागले. पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी 1840 ते 1853 लंडनमध्ये दारोदार फिरले, पण शब्दांची ही तटबंदी त्यांना फोडता आली नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. इंग्रजांनी स्वतःच्या कृत्यालाही लूट म्हटलेच की! 1860 साली पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला गेला, तेव्हा तिथे सापडलेले एक छोटे कुत्रे कॅप्टन डन या अधिकाऱ्याने व्हिक्टोरिया राणीला नजर केले. त्याचे नाव ‘लूटी’ ठेवले गेले आणि राजघराण्याने त्याचे चित्रही काढून घेतले. हे खरे आहे. पण ही बराकीतली बोली होती, थट्टेतली. त्याच सुमारास, 1857 साली, दिल्ली पडल्यावर घरांच्या जमिनी उकरणारे अधिकारी कागदोपत्री ‘प्राइझ एजंट’ होते. लाडक्या कुत्र्याला जे नाव चालले, ते सरकारी दप्तरात स्वतःच्या खात्यावर कधी चढले नाही.

आता मराठीकडे येऊ. दसऱ्याला आपण आपट्याची पाने वाटतो आणि त्याला ‘सोने लुटणे’ म्हणतो. त्यामागची कथा रघुराजा आणि कौत्साची. गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मोहरा हव्या होत्या, कुबेराने त्याहून कितीतरी जास्त पाऊस पाडला. कौत्स चौदा कोटींवर एक मोहोर घेईना, राजा परत घेईना, तेव्हा उरलेले सोने लोकांना लुटायला मोकळे झाले. संक्रांतीचे उदाहरण याहूनही बोलके आहे. कराड असो की मिरज, हळदीकुंकवाहून परतलेल्या बाईला शेजारीण विचारते, ‘काय लुटलं गं त्यांनी यंदा?’ इथे लुटणारी ती, जी स्वतःच्या पदरचे वाण दहाजणींना देते. डबी, गाळणी, कापडी पिशवी, काहीही असो, देण्याच्या क्रियेला मराठीने ‘लुटणे’ म्हटले. हिसकावणे आणि मुक्तहस्ताने देऊन टाकणे या दोन्हींना एकच क्रियापद चालते, कारण दोन्हींत धन एका जागी साचून राहत नाही. इंग्रजीत गेला तो हिसकावण्याचा अर्थ. वाणाचा अर्थ तिकडे पोचला नाही.

म्हणून मराठी शब्द सोवळा ठरतो का? मुळीच नाही. ‘लुटारू’ ही शिवी आपलीच आहे. 1664 आणि 1670 साली सुरत लुटली गेली, आणि 1741पासून दहा वर्षे रघूजी भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी बंगाल होरपळला. ‘बर्गी’ म्हणजे आपला बारगीर. तो तिथल्या अंगाईगीतात बागुलबुवा होऊन बसला आहे. सुरतेचा माल जमाखर्चात चढत होता, हलवर्णच्या मराठी छावणीला शिवाजी महाराजांचे रयतेच्या भाजीच्या देठाचीही चिंता करणारे पत्र गेले होते, हे सगळे खरे. पण सुरतेच्या व्यापाऱ्याला किंवा बर्दवानच्या शेतकऱ्याला त्या हिशेबाचे काय सोयरसुतक? त्यांच्या लेखी ती लूटच. मराठीच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की आपल्या बखरींनी आणि पाठ्यपुस्तकांनी ‘सुरतेची लूट’ हे शब्द उघडपणे वापरले. साताऱ्यात पोलिटिकल एजंट राहून 1826 साली मराठ्यांचा इतिहास छापणाऱ्या ग्रँट डफला मराठ्यांची लूट पानोपानी दिसली. आपल्या बाजूच्या जप्तीसाठी त्याच्या समाजाने दुसरा शब्द राखून ठेवला होता.

या पार्श्वभूमीवर ब्रिटिश सत्तेला समांतर उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारकडे पाहावे. तेव्हा सांगली वेगळा जिल्हा नव्हता. दक्षिण सातारा 1949 साली निघाला आणि 1960 साली त्याचे नाव सांगली झाले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली 1943पासून याच जोड-मुलखात न्यायदान मंडळे आणि तुफान सेना उभी राहिली. 7 जून 1943 रोजी कराड तालुक्यातल्या शेणोलीजवळ, पुणे-मिरज मार्गावर, सरकारी पगार घेऊन जाणारी गाडी अडवली गेली. इंजिनापुढे रुळावर दगड रचले, गाडी मागे हटू नये म्हणून शेवटच्या डब्यामागेही रचले. हातात विळे, काठ्या आणि दोन-तीन गावठी बॉम्ब. मिळाले 19,175 रुपये. पुढच्या वर्षी 14 एप्रिलला धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना हस्तगत झाला. शेणोलीच्या धाडीत आघाडीवर असलेले कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, नव्वदी उलटल्यावरही एका गोष्टीवर ठाम होते. गाडी लुटली म्हणणे चूक आहे, इंग्रजांनी जनतेकडून चोरलेला पैसा आम्ही परत आणला, असे त्यांनी पत्रकार पी. साईनाथ यांना सांगितले.

कुणी म्हणेल, प्रत्येक दरोडेखोर असेच म्हणतो. ब्रिटिश पोलिसांनी या मंडळींना दरोडेखोर ठरवलेच होते, आणि चळवळीच्या नावावर हात धुऊन घेणारे खरे दरोडेखोरही त्या काळात होते. पण त्या दरोडेखोरांना पकडून शिक्षा देण्याचे कामही प्रतिसरकारनेच केले. त्यातल्या काही शिक्षा आजच्या कायद्यात बसणार नाहीत, हेही मान्य करावे. तरीही हस्तगत केलेल्या पैशाचे पुढे काय झाले, हा प्रश्न तिथे विचारता येत होता. ‘डेक्कन प्राइझ’बद्दल तोच प्रश्न विचारला तर उत्तर वाटणीच्या कोष्टकात मिळते, आणि त्यात ज्यांचा पैसा गेला त्यांच्यासाठी रकाना नाही.

कॅप्टन भाऊंनी शब्द नाकारला तो पोलिसी अर्थाने, आणि तो नकार योग्यच होता. मराठी अर्थाने मात्र शेणोलीला लूट म्हणायला माझी हरकत नाही, कारण त्या अर्थात घेतलेले धन कुणाच्या ओटीत पडले हेही तपासावे लागते. ऊसदरापासून टोलनाक्यापर्यंत रोज हा शब्द फेकणाऱ्या आपण सर्वांनी तो उच्चारण्याआधी तेवढी तपासणी करावी.