बेत आधी, पेन नंतर

कुणाच्या नोकरीत न राहता, कामागणिक मोबदला घेऊन कपड्यांचे आरेखन करणाऱ्या व्यक्तीने चित्र काढण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर आणि कोणते उपकरण घ्यावे, हा प्रश्न बहुधा मोबाइलच्या दुकानात उभ्याउभ्या सोडवला जातो आणि तिथेच तो चुकतो. काढलेले चित्र पुढे कोणाच्या हाती जाणार आहे, याचा विचार झाल्याखेरीज त्याचे उत्तर मिळत नाही. शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण तालुक्यांत हा विचार अधिकच निकडीचा ठरतो. आसनगावहून लोकल मिळते, पण मुरबाडला अद्याप रेल्वे नाही आणि कल्याणपर्यंत एसटी किंवा खासगी वाहनानेच यावे लागते. भिवंडीचे यंत्रमाग, उल्हासनगरचे जीन्सचे कारखाने आणि दादरचा कापडबाजार नकाशावर जवळ असले, तरी प्रत्येक दुरुस्तीसाठी तिथे जाणे परवडत नाही. त्यामुळे आरेखनकाराच्या वतीने बोलण्याचे काम फाइललाच करावे लागते.

या व्यवसायात दोन वेगळ्या प्रकारची चित्रे लागतात. पहिले ग्राहकाला भुरळ घालणारे फॅशन इलस्ट्रेशन, ज्यात डोक्याच्या साधारण नऊपट उंचीची, म्हणजे प्रत्यक्षाहून लांब, मानवाकृती काढून कापडाचा झोक, पोत आणि रंग दाखवले जातात. दुसरे ‘फ्लॅट’, म्हणजे कपडा जमिनीवर सपाट अंथरल्यासारखा पुढून आणि मागून दाखवणारे रेखाचित्र, ज्यात शिवण, टक्स, पायपिन, हुक आणि मापे नेमकी नोंदवलेली असतात. पहिल्या चित्रावर काम मिळते. दुसऱ्यावर कपडा शिवला जातो आणि पैसेही बहुतेक वेळा त्याच्याच अचूकतेवर अवलंबून राहतात. नवशिके पहिल्या चित्राच्या मोहाने उपकरण घेतात आणि दुसऱ्याच्या वेळी अडतात, असे या क्षेत्रात सर्रास घडते.

या दोन चित्रांमागे संगणकाच्या दोन निराळ्या पद्धती आहेत. रास्टर पद्धतीत चित्र रंगीत ठिपक्यांचे बनते. ए-४ कागद इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचा तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके लागतात, आणि चित्राचा एकेक थर संगणकाच्या स्मृतीत साधारण ३५ एमबी जागा अडवतो. व्हेक्टर पद्धतीत ठिपके साठवले जात नाहीत. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषांचे गणित साठवले जाते. १९६०च्या दशकात रेनो या फ्रेंच मोटार कंपनीतील अभियंता पिएर बेझिए यांनी गाड्यांच्या बाह्याकारासाठी वापरात आणलेल्या या वक्ररेषा आज प्रत्येक ब्लाउजच्या मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या वळणात, आहेत. कटोरी ब्लाउजचा मुंढा खांद्याकडून सरळसा उतरून काखेपाशी एकदम वळतो. हा आकार व्हेक्टरमध्ये तीन बिंदूंत बसतो, मधला बिंदू अर्धा इंच खाली ओढला की संपूर्ण वळण सफाईने बदलते, आणि अर्धा भाग काढून तो आरशासारखा उलटवला की दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. हेच रास्टरमध्ये करायचे तर खोडून पुन्हा काढावे लागते.

म्हणून फ्लॅटसाठी व्हेक्टर सॉफ्टवेअर आधी शिकावे, हे मत ठामपणे मांडण्याजोगे आहे. या वर्गात अडोबी इलस्ट्रेटर हे मोठ्या वस्त्रकंपन्यांत रुळलेले आहे, परंतु २०१३पासून अडोबीने आपली ही सॉफ्टवेअरे भाडेतत्त्वावर दिल्यामुळे ज्या महिन्यात काम नाही त्या महिन्यातही खर्च चालू राहतो, शिवाय परवान्याच्या पडताळणीसाठी अधूनमधून इंटरनेट लागते. छापखान्यांत कोरलड्रॉ अधिक दिसते. इंकस्केप हे मुक्त सॉफ्टवेअर कायमचे विनामूल्य असून एकदा उतरवून घेतले की नेटवर्क नसलेल्या पाड्यावरही चालते, आणि त्यातून काढलेली पीडीएफ फाइल इतर सॉफ्टवेअरांत उघडता येते. रंगचित्रासाठी क्रिटा हेही विनामूल्य आहे. प्रोक्रिएट एकदाच पैसे भरून मिळते, मात्र त्यासाठी आयपॅडच हवा.

मराठी मजकुराची कसोटी मात्र सगळ्यांनाच लावून पाहावी. गावातला कारागीर ‘आर्महोल’ वाचत बसत नाही, त्याला मुंढा, छाती, कंबर, अस्तर, तिरपी पट्टी असे लिहिलेले हवे असते. काही सॉफ्टवेअरांत भारतीय लिप्यांसाठीची मांडणी चालू केली नाही तर जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन चिकटते. इंकस्केपमध्ये युनिकोड देवनागरी सहसा नीट उमटते. तरीही फाइल पाठवण्याआधी अक्षरांचे आकृतीत रूपांतर करून ठेवले, तर समोरच्याकडे तो फाँट नसला तरी काही बिघडत नाही.

उपकरणाचा विचार इथपर्यंत आल्यावरच करावा. घरात ८ जीबी रॅमचा लॅपटॉप असेल, अगदी जुना घेतलेला असला तरी, त्याला पडदा नसलेला पेन टॅब्लेट जोडणे हा सर्वांत शहाणा आरंभ होय. वॅकॉम, हुइऑन, एक्सपी-पेन यांचे छोटे टॅब्लेट काही हजार रुपयांत मिळतात; बहुतेकांच्या पेनला बॅटरी लागत नाही, कारण टॅब्लेटच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रातून त्याला ऊर्जा मिळते, आणि टॅब्लेट स्वतः यूएसबीवर चालतो. पावसाळ्यात वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राहते, ही सोय डेस्कटॉपला इन्व्हर्टरशिवाय मिळत नाही. हात टेबलावर आणि नजर पडद्यावर ठेवण्याची सवय व्हायला काही आठवडे जातात, तेवढा धीर धरावा. दाबाच्या ८१९२ पायऱ्यांची जाहिरात पाहून जास्त पैसे मोजू नयेत. तेवढे बारकावे हाताला कळत नाहीत. आयपॅडसाठी अ‍ॅपल पेन्सिल वेगळी घ्यावी लागते, सॅमसंगच्या काही टॅबसोबत पेन पेटीतच येते. इलस्ट्रेशनला दोन्ही उत्तम. मोबाइलच्या पडद्यावर मात्र मापांचे फ्लॅट काढण्याचा हट्ट धरू नये.

या भागातील आरेखनकाराकडे एक असे धन आहे, ज्याला सॉफ्टवेअरची एक सोय सहज बिघडवू शकते. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेली वारली चित्रकला वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांवर उभी आहे, त्यामुळे ती व्हेक्टरसाठीच जन्मली असे वाटते. परंतु लग्नचौकातली, म्हणजे लग्नाच्या वेळी भिंतीवर काढल्या जाणाऱ्या चित्रातली, तांदळाच्या पिठाची, बांबूच्या काडीने ओढलेली रेषा कुठे जाड होते, कुठे विरते, आणि तिचे चैतन्य त्या असमानतेतच असते. क्रिटामध्ये हाताचा कंप पुसणारी ‘स्मूदिंग’ सोय असते. वारली आकृतीसाठी ती पूर्ण बंद करावी, कुंचला दाबानुसार जाडी बदलणारा घ्यावा आणि मगच त्या चित्राचे इंकस्केपमध्ये व्हेक्टर करावे. एकच मनुष्याकृती काढून तिच्या शंभर प्रती तारपा या वाद्याभोवती फिरवण्यापेक्षा सात-आठ वेगळ्या आकृत्या हाताने काढाव्यात; कापडावर तोच तुकडा पुन्हापुन्हा छापला जातो तेव्हा हा फरक लांबूनही दिसतो. आणि जिथे वारली कलावंताचेच चित्र वापरले जाते, तिथे त्याचे नाव आणि मोबदला करारातच लिहिलेला असावा.

रंगांच्या बाबतीत कोणत्याही पडद्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो, कापड रंगद्रव्याने रंगते, आणि गेरूचा तांबूसपणा एका फोनवर विटकरी तर दुसऱ्यावर नारिंगी दिसतो. म्हणून फाइलसोबत कापडाची चिंधी एसटीने किंवा कुरिअरने पाठवावी आणि आधी वीतभर नमुना छापून घेऊन तो दिवसाच्या उजेडात पाहावा. छापणाऱ्याला पीडीएफ द्यावी, मूळ फाइल मात्र आपल्याकडे आणि शिवाय एका वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी, कारण पुढच्या हंगामात त्याच ग्राहकाला केवळ गळा बदलून हवा असतो.