लिंबाच्या बुंध्याशी साचलेले पाणी

फाल्गुन उजाडला की कळवणच्या हवेत एकाच दिवसात दोन ऋतू नांदू लागतात. पहाटे अंगावर शाल लागते आणि दुपारी अंगणातील फरशीवर पाय ठेववत नाही. शिवारात गहू सोंगणीला येतो, उन्हाळ कांद्याची पात माना टाकू लागते आणि घरोघरच्या परसबागेतही कामांची दाटी होते. बँकेच्या नोकरीत असताना मला या दिवसांची ओळख केवळ ३१ मार्चच्या ताळेबंदापुरती होती. बदलीच्या गावी मी आणि घरी सौभाग्यवती व परसबाग, अशी आमची जवळजवळ तीन दशकांची वाटणी होती. निवृत्तीनंतर मात्र मी मोठ्या उत्साहाने बाग आपल्या ताब्यात घेतली. ‘ताब्यात घेतली’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरीत आहे. पुढे जे घडले त्याचे मूळ त्यातच आहे.

वसंतातील कामे तशी साधी असतात. मोगऱ्याची पाने काढून छाटणी करायची ती थंडी ओसरण्यापूर्वी. मी ती फाल्गुनात केली आणि शेजारच्या वेली पांढऱ्याशुभ्र झाल्या तेव्हा आमच्या वेलीवर नुसती पालवी होती. कांद्याच्या या तालुक्यात राहूनही आमच्या घरी कंदमूळ वर्ज्य, त्यामुळे वाफ्यात दोडका, कारले, गवार आणि भेंडी यांचेच राज्य. दोडक्याचे बी एक रात्र भिजवावे लागते. मी अधिक चांगले उगवावे म्हणून दोन दिवस भिजत ठेवले आणि ते कुजले. जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण आला. विषारी औषध फवारायचे नाही हा घरचा दंडक. प्रादुर्भाव झालेले शेंडे छाटून दूर नेणे, जोरकस पाण्याने फांद्या धुणे आणि फार झाले तर एका लिटर पाण्यास पन्नास ग्रॅम निंबोळीचा अर्क, एवढाच आमचा उपाय. फूल काही दिवस कमी मिळते, इतकेच.

या झाल्या किरकोळ चुका. एका हंगामात त्यांची भरपाई होते. लिंबाची गोष्ट तशी नाही.

आमच्या विहिरीजवळचे कागदी लिंबाचे झाड माईंनी, म्हणजे माझ्या आईने, २००३ च्या मृगात लावले. माई गेल्या, झाड राहिले. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगीगडावर यात्रा भरते आणि खानदेशातून पायी निघालेले हजारो भाविक आमच्या भागातून गडाकडे जातात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांच्यासाठी सरबताचे दोन माठ ठेवण्याचा प्रघात माईंनी पाडला. त्याच सुमारास आमच्या घरी आयंबिलची ओळी सुरू असते, म्हणून घरात हिरवे काही शिजत नाही. वाफ्यातील भाजी शेजारी जाते आणि झाडावरची लिंबे माठात. उन्हाळ्यातील लिंबू म्हणजे हस्त बहाराचे फळ. पावसाळा सरता सरता फुललेला बहार चैत्र-वैशाखात हाती येतो. पाऊस ऐन भरात असताना झाडास ताण बसणे कठीण असते, म्हणून हा बहार थोडा धरतो आणि उन्हाळ्यात लिंबाचे भाव कडाडतात. माईंच्या झाडाने मात्र चैत्रात कधी निराश केले नव्हते.

यंदा माघातच मी त्या झाडाभोवती, अगदी बुंध्याला खेटून, खोल आळे केले. त्यात चार पाट्या शेणखत टाकले आणि ते खोडालाच रचले. रोज सायंकाळी रबरी नळी लावून आळे काठोकाठ भरावे, हा नेम. सौभाग्यवतींनी एकदाच म्हटले, “अहो, पाणी मुळांना द्या, खोडाला नको. माई लांबून देत असत.” मी उत्तरलो की, नियमित भरणा केल्यावाचून व्याज मिळत नाही. विनोद मला आवडला होता. त्या हसल्या नाहीत.

फाल्गुनात पाने पिवळी पडू लागली. विशेषतः मधली शीर. खत कमी पडले, असा निष्कर्ष काढून मी आणखी खत आणि पाणी दिले. होळीच्या सुमारास बुंध्याची साल उभी तडकली आणि तिच्यातून मधासारखा डिंक ओघळू लागला. एका बाजूच्या फांद्या शेंड्याकडून वाळू लागल्या. सुपारीएवढी फळे रोज सकाळी आळ्यात तरंगताना दिसत.

शेवटी आमच्या शाखेचे एक जुने खातेदार, डाळिंबाचे बागायतदार, यांना बोलावले. त्यांनी पायाने शेणखत बाजूस सारले, माती मुठीत दाबली आणि अहिराणीत म्हणाले, “झाड उपाशी नही शे साहेब, पानीमा बुडी ऱ्हायनं.” मी ज्याला भूक समजलो ते गुदमरणे होते. हा डिंक्या रोग. ओलीत वाढणारी बुरशी साचलेल्या पाण्याच्या आधारे खोडाच्या सालीत शिरते. साल कुजली की पानांनी केलेले अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि मुळे थकली की पाणी असूनही झाड तहानलेलेच राहते.

उपाय त्यांनीच सांगितला, तो वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून नोंदवितो. धारदार चाकूने रोगट साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडावी. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या एक टक्का द्रावणाने धुवावी आणि तिच्यावर बोर्डो मलम लावावे. मलमासाठी शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून, दोन्ही मिळून एक लिटर होईल इतके पाणी घ्यावे व मग एकत्र करावे. लोखंडी भांडे वापरू नये. मिश्रणात लोखंडी विळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना आणखी हवा. पावसाळ्यापूर्वी व नंतर खोडाला दोन-तीन फूट उंचीपर्यंत हाच लेप द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुहेरी आळे: खोडाभोवती मातीची भर घालून उंचवटा करावा व पाणी बाहेरच्या कड्यात, झाडाच्या सावलीच्या कडेला द्यावे. पाणी शोषणारी बारीक मुळे तिथे असतात. गव्हाच्या भुशाचे आच्छादन उत्तम, पण तेही खोडापासून हातभर दूर.

दोन मोठ्या फांद्या कापाव्या लागल्या. करवत मी चालविली. सौभाग्यवती फांदी धरून उभ्या होत्या. कापलेल्या जागी लेप लावताना त्या म्हणाल्या, “माई आजारी असताना मी इथेच बसून लिंबे वेचत असे.” तीन दशकांत मी ही बाग पाहिली ती रजेच्या आठ-दहा दिवसांत. माझ्या गैरहजेरीत या झाडाखाली किती दिवस गेले, याची नोंद माझ्या कोणत्याही वहीत नव्हती. मी त्यांची क्षमा मागितली. संवत्सरीला आपण सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. चैत्राच्या तोंडावर, हातात मोरचुदाचे भांडे घेऊन ते म्हणणे मला अधिक जड गेले.

रामनवमीला माठ ठेवले गेलेच. लिंबे बाजारातून आली. सौभाग्यवतींनी त्याविषयी अवाक्षर काढले नाही. सरबतात साखर किती घालायची एवढेच विचारले.

आता वैशाख लागला आहे. डिंक थांबला आहे. उरलेल्या फांद्यांवर तांबूस-हिरवी पालवी फुटली आहे. परवा नातवाने त्यातील एका पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी दाखविली. ती लिंबाच्या फुलपाखराची. एरवी आम्ही अशा अळ्या तशाच राहू देतो, पण या वर्षी झाडाला प्रत्येक पान हवे आहे. “दादाजी, हिला काय करायचे?” त्याने विचारले. मी उत्तर देण्याऐवजी त्याच्या आजीकडे पाहिले. त्यांनी पान अलगद खुडले आणि अळीसकट कुंपणाजवळच्या जुन्या कढीलिंबावर नेऊन ठेवले. तो पालाही या अळीला चालतो.

झाड हस्ताला बहरेल की नाही, हे आज सांगता येत नाही. ज्येष्ठात पावसापूर्वी दुसरा लेप द्यायचा आहे. चुना आणून ठेवला आहे. पाण्याची नळी सध्या सौभाग्यवतींच्या हाती असते, आणि मी बाहेरच्या आळ्यातील तण काढतो.