सोलापूर-मुंबई : २७ मिनिटे की साडेपाच तास?

बालमित्रांनो, महाराष्ट्राचा नकाशा, पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसा बरं. आज आपण विमानाचं गणित सोडवणार आहोत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सोलापूर-मुंबई विमानसेवा सुरू झाली. विमानाने मुंबई किती लांब? नकाशावर सोलापूर आणि मुंबई सरळ रेषेने जोडा. नकाशाचे प्रमाण १ सेंमी = ५० किमी असेल, तर रेषा सात सेंमीपेक्षा जराशी मोठी येईल. म्हणजे सुमारे ३६० किलोमीटर. रेल्वेने मात्र हेच अंतर ४५५ किलोमीटर भरते. रुळांना दौंड, पुणे करत बोरघाट उतरावा लागतो ना! आकाशात घाट नाही आणि वळणही नाही.

आता वेळ काढू. जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरा. ३६० भागिले ८००. उत्तर आले २७ मिनिटे. पण विमानाला प्रत्यक्षात साधारण तासभर लागतो. मग आपला भागाकार चुकला का? नाही. भागाकार बरोबर आहे, पण विमान सगळी वाट ८०० च्या वेगाने जातच नाही. आधी ते धावपट्टीच्या टोकापर्यंत एखाद्या मोटारीसारखे हळू चालत जाते. शक्यतो समोरून वारा घेऊन उडते, म्हणून कधी उलट दिशेला उडून मग वळते. दहा हजार फुटांच्या खाली वेगावर बंधन असते. वर चढण्यात आणि पुन्हा खाली उतरण्यातच निम्म्याहून जास्त वेळ जातो. त्यातून मुंबईचा विमानतळ गर्दीचा. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे कधी कधी विमानाला आकाशातच घिरट्या घालत थांबावे लागते.

अकलूजच्या मुलांसाठी यात एक गंमत आहे. तुमची रेषा पुन्हा बघा. ती इंदापूरजवळून, म्हणजे आपल्या गावाच्या थोडी उत्तरेकडून जाते! मुंबई पश्चिमेला, पण विमान पकडायला आपण पूर्वेला सुमारे ११० किलोमीटर जायचे आणि मग आपल्याच तालुक्याच्या शेजारून परत यायचे.

तर मग घरापासूनचा हिशेब मांडा. सोलापूरला पोहोचायला अडीच तास. विमानतळावर दीड तास आधी हजर. विमानात एक तास. मुंबईत सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. झाले साडेपाच तास! मोटारीने थेट गेलो तर सहा-सात तास. म्हणजे वाचला फार तर तास-दीड तास. सोलापूरच्या मुलाला मात्र हाच प्रवास साडेतीन तासांत जमतो. त्याला वंदे भारत गाडीने साधारण साडेसहा तास लागतात. त्याचे तीन तास वाचले.

पालकांनीही हे गणित जरूर करून पाहावे. घरातल्या आजारी माणसाला मुंबईला न्यायचे असते, मुलाखतीला वेळेवर पोहोचायचे असते. अशा वेळी तिकिटावरच्या एका तासावर विसंबू नये. उंबरठ्यापासून मुक्कामापर्यंतचे सगळे तास मोजावेत आणि मगच साधन ठरवावे.

आता एक गणित तुमच्यासाठी. जून २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याची विमानसेवा सुरू झाली. गोव्यातल्या मोपा विमानतळापर्यंत सरळ अंतर सुमारे ३०५ किलोमीटर. पंख्याच्या विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटर. नुसत्या भागाकाराने किती मिनिटे येतात? आणि तुमच्या घरापासून मोजले, तर किती तास? वहीत लिहा आणि घरच्यांना दाखवा.