बाळाचा काटा आणि आईचे ताट

नातवंड जन्मले की आजीचा पहिला प्रश्न असतो, ‘बाळ किती भरलं?’ आकडा अडीच किलोच्या खाली असला की सारे घर सुनेकडे पाहू लागते. वास्तविक त्या काट्यावर बाळासोबत आईचे बालपण, तिचे लग्नाचे वय आणि तिचे रोजचे श्रमही तोलले जात असतात.

परभणी जिल्ह्यापुरते पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार येथील २० ते २४ वयाच्या सुमारे ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वीच झाले होते. जिची स्वतःचीच वाढ अपुरी, तिच्या ताटातील अन्नावर दोन वाढत्या शरीरांचा हक्क येतो. गंगाखेडकडील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. उचल नवरा-बायको मिळून एका कोयत्यावर घेतलेली असते. ती फेडायची म्हणून गर्भवतीही फडात मोळ्या उचलते. तिची अंगणवाडीतील नोंद मात्र गावीच राहते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. अधिक कष्ट करणाऱ्या मातांची बाळे तुलनेने लहान, तर हिरव्या पालेभाज्या, फळे वारंवार खाणाऱ्या मातांची बाळे मोठी आढळली. ही लहान बाळे स्नायूंनी कृश, पण चरबी राखून असलेली होती. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका अधिक. आपल्यापैकी पुष्कळांना साठीत जडलेल्या मधुमेहाचे एक मूळ कदाचित आपल्या आईच्या ताटात असेल.

गरिबी एका घराने हटत नाही, हे खरे. परंतु ‘फार खाल्ले तर बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल’ ही समजूत आणि सुनेने सर्वांत शेवटी, उरलेले जेवण्याची रीत, या दोन्ही गोष्टी आपल्याच हातच्या आहेत. भाकरी तर आपल्याकडे रोजचीच. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसारित केलेल्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीत लोह व जस्त अधिक आहे. तिच्यासोबत मेथी किंवा चुका, थोडी डाळ आणि लिंबाची फोड असावी. लोहाची गोळी चहाबरोबर देऊ नये.

बाळ कमी वजनाचे जन्मलेच, तर मध-घुटी न देता केवळ आईचे दूध द्यावे, अंघोळीची घाई करू नये आणि त्याला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यावे. आई थकली असता हे काम आजीलाही करता येते. बाळ गार पडले किंवा दूध ओढेनासे झाले, तर मात्र त्याच क्षणी दवाखाना गाठावा.